कलेचे मोल

गेल्या महिन्यात एक परिचित गृहस्थ मजकडे आले. त्यांचा मुलगा एका कचेरीत नोकरीस आहे. तो तबला उत्तम वाजवितो, आणि नोकरी सोडून तबल्यावरच पोट भरावे, असे त्याच्या मनाने घेतले आहे. "मास्तर, त्याला चार शब्द समजावून सांगा," असे ते म्हणाले. मी लगेच होकार दिला नाही. कारण समजावून काय सांगावयाचे, हेच मला प्रथम ठरवावयाचे होते. अंगच्या गुणावर संसार चालतो काय, असे विचारून फारसा उलगडा होत नाही. तो कोणत्या वाटांनी चालतो आणि कोठे अडतो, असे विचारावे. त्यासाठी एका थोर गवयाचे उदाहरण मी घेतो. त्यांच्या गायनाविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. व्यवहाराविषयी मात्र मास्तरालाही दोन शब्द बोलता येतील.

पंडित विष्णु दिगंबर पलुसकर १८७२ साली कुरुंदवाड येथे जन्मले. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली, शालेय शिक्षण खुंटले, आणि मुलाला मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकावयास ठेवण्यात आले. त्या काळी गवयाचे पोट राजाश्रयावर चाले. आपल्या गाण्याचा दर गवई सांगत नसे आणि त्याला कोणी विचारीतही नसे. यजमानाची मर्जी हाच दर. मर्जी फिरली की चूल विझली! मिरजेतील एका समारंभास प्रतिष्ठितांना बोलावणे गेले, पण बुवांना गेले नाही, कारण ते 'गवई'. ही गोष्ट शिष्याच्या मनास फार लागली, असे सांगतात.

१८९६ मध्ये विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली. पुढे काठेवाडात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. आज आपल्याला यात नवल वाटणार नाही. परंतु त्या तिकिटाने केवढी उलथापालथ केली ती पाहा. गाण्याचे मोल गाण्यापूर्वीच ठरले. एका धन्याच्या जागी थोडे थोडे देणारे पुष्कळ श्रोते आले. त्यांतले दहा रुसले तरी गवई उपाशी राहत नाही. आणि मैफल संपल्यावर बिदागीसाठी ताटकळत उभे राहण्याची मानहानी टळली.

तथापि जलसे रोज होत नाहीत. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, त्याचे व्यावहारिक मर्म मला येथे दिसते. ठरलेली वेळ, ठरलेला अभ्यासक्रम, ठरलेली फी. आरंभी विद्यार्थी फिरकत नसत, तरी नेमलेल्या वेळी पंडितजी तंबोरा घेऊन बसत, अशी आठवण सांगतात. शिकवणीचे उत्पन्न लहान, पण नियमित. जलशाचे मोठे, पण बेभरवशाचे. त्यांत स्वरलिपीच्या क्रमिक पुस्तकांची भर पडली. पुस्तकाचा गुण असा की, ते एकदा लिहून झाले म्हणजे कर्ता प्रवासात असला तरी खपत राहते. एकाच विद्येला अशा तीन वाटा फोडलेल्या असल्या, म्हणजे एक आटली तरी घर तगते.

मग अडले कोठे? १९०८ साली विद्यालय मुंबईस आले, आणि पुढे कर्ज काढून त्याची मोठी इमारत उभी राहिली. कर्जाचे व्याज दिवस पाहून येते. रसिक मात्र आपल्या सवडीने येतो. कर्ज फेडण्यासाठी पंडितजी गावोगाव जलसे करीत फिरले, तरी ते फिटले नाही, आणि १९२४ मध्ये इमारतीचा लिलाव झाला. अनियमित उत्पन्नावर नियमित देणे चढविले की काय होते, याचे याहून कष्टदायक उदाहरण मला ठाऊक नाही. १९३१ साली ते वारले. शिष्य मात्र उरले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले, आणि संगीतशिक्षक हा एक स्वतंत्र पेशा होऊन बसला.

आता थोडे माझ्याविषयी. माझे अक्षर चांगले आहे, असे लोक म्हणतात. मी पुष्कळ मानपत्रे सुशोभित अक्षरांत लिहून दिली. मोबदला विचारला की मी म्हणे, "आपल्याला योग्य वाटेल ते द्या." एका संस्थेला योग्य वाटले ते एक श्रीफळ! शाई आणि कागद माझा. शेजारच्या एका पाट्या रंगविणाऱ्या पेंटरने मला तेव्हा हिशेब शिकविला. महिन्याचे दिवस तीस, पैकी काम मिळते बारा दिवस. तेव्हा त्या बारांनी तिसांना पोसले पाहिजे. घरखर्चाला तिसाने भागून रोज ठरविणारा फसतो. बाराने भागावे, वर सामानाचा खर्च घालावा, आणि विसार घेतल्यावाचून कुंचला बुडवू नये. गणित शिकविण्यात माझा जन्म गेला, पण हा भागाकार मला सुचला नव्हता. कारण उघड आहे. मास्तराने दर सांगणे मला कमीपणाचे वाटे. त्यात विद्येचा मान नव्हता, नुसता भिडस्तपणा होता.

तबलजी मुलाला मी घरी बोलावून एकच विचारले, "गेल्या बारा महिन्यांत तबल्याने तुला काय दिले?" त्याला सांगता येईना. मी त्याला वही घालावयास सांगितली. परवा तो ती घेऊन आला. एकोणीस वेळा तो साथीला बसला. सातदा काहीच मिळाले नाही, पाचदा मागून मिळाले. शिकवणीचे विद्यार्थी दोन. मी म्हणालो, "विद्यार्थी आठ होऊ देत, सहा महिन्यांचा घरखर्च बाजूस पडू दे, आणि पुढच्या बोलावण्याला आधी बिदागी सांग, मग राजीनाम्याचा कागद मी तुला माझ्या अक्षरात लिहून देतो." त्याचे वडील मजवर किंचित नाराज आहेत, मी त्याला सरळ नाही म्हणावे, अशी त्यांची अपेक्षा होती. मुलाने मात्र जाताना विचारले, "मास्तर, त्या कागदाचे काय घ्याल?" मी चटकन आकडा सांगितला.