कीटकनाशक अवशेष मर्यादा, यूरोपीय

अन्नपदार्थांत उरणाऱ्या कीटकनाशकांच्या अंशांची यूरोपीय संघाने ठरविलेली कमाल कायदेशीर मर्यादा. २००५ च्या विनियमानुसार सप्टेंबर २००८ पासून ती सर्व सदस्य राष्ट्रांत एकसारखी झाली. ज्या रसायनासाठी स्वतंत्र मर्यादा नेमलेली नसते, त्यास सामान्यतः किलोग्रॅममागे ०·०१ मिग्रॅ. हे प्रमाण लागू होते. आयात मालासही हा नियम बंधनकारक असल्याने संघाबाहेरील शेतकऱ्यांचे दैनंदिन व्यवहारही त्याने बांधले जातात. नासिक परिसरातील निर्यातीच्या द्राक्षबागांत कोणते औषध फवारावे व फवारणीनंतर तोडणीस किती दिवस थांबावे, हे त्यावरून ठरते. २००६ मध्ये अपेडा या केंद्रीय निर्यात विकास संस्थेने सुरू केलेल्या ‘ग्रेपनेट’ पद्धतीत बागांची नोंदणी व मालाची प्रयोगशाळेत तपासणी होते. तथापि २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने अनेक खेपा यूरोपात नाकारल्या गेल्या व बागाईतदारांना मोठी हानी सोसावी लागली. भारतातील तपासणीच्या यादीत हे द्रव्य तेव्हा नव्हते. ग्राहकाच्या आरोग्याचे रक्षण हा या नियमांचा हेतू होय. मात्र ते करणाऱ्या सभागृहात ज्यांचा प्रतिनिधी नाही, अशांनाही ते पाळावे लागतात.