पंखावरचे चक्र

होळकरांच्या काळात चांदवडला टांकसाळ होती आणि तेथे पडणारा ‘चांदवडी रुपया’ दूरवरच्या बाजारपेठांतून चालत असे. चांदी सगळ्या रुपयांची सारखीच दिसायची; नाणे कोणाचे, हे सराफ त्याच्यावरील छाप पाहून सांगत. या गावात राहून विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनविणाऱ्याला ही गोष्ट वरचेवर आठवते. कारण विमानाचेही तसेच आहे. कारखाना एक, आराखडा एक, इंजिनही एकच. पण पंखावरचा छाप बदलला की ते दुसऱ्या देशाचे होते.

सध्या माझ्या टेबलावर हॉकर टेम्पेस्ट मार्क-२ हे लढाऊ विमान आहे, अर्थात प्लॅस्टिकचे आणि ७२ पटींनी लहान. एक इंच म्हणजे सहा फूट, हा त्यामागचा हिशेब. सहा फुटी वैमानिक येथे एक इंचाचा होतो आणि सुमारे साडेबारा मीटर पंखविस्ताराचे धूड सव्वासतरा सेंटीमीटरमध्ये बसते. हे प्रमाण केवळ खेळण्यासाठी रूढ झाले नाही. दुसऱ्या महायुद्धात आकाशातले विमान शत्रूचे की मित्राचे, हे क्षणात ओळखता यावे म्हणून टेहळ्यांना अशाच काळ्या रंगाच्या प्रतिकृती दाखवून शिकविले जात असे.

टेम्पेस्ट मार्क-२चे नशीब मोठे चमत्कारिक. अठरा सिलिंडरचे, सुमारे अडीच हजार अश्वशक्तीचे सेंटॉरस इंजिन आणि २० मिलिमीटरच्या चार तोफा, अशा तयारीने ते पूर्वेकडील युद्धासाठी सिद्ध झाले. पण स्क्वाड्रनमध्ये दाखल होईतो १९४५चा ऑगस्ट उजाडला आणि युद्धच संपले. ब्रिटिशांनी ती विमाने हिंदुस्थानातील हवाईदलाला दिली. फाळणीत सैन्याबरोबर विमानेही वाटली गेली आणि भारत व पाकिस्तान या दोन्ही देशांच्या वाट्याला टेम्पेस्ट आली. दोन महिन्यांत काश्मीरमध्ये तोंड लागले. आता विचार करा, डोंगराआडून झेपावणारे टेम्पेस्ट आपले की परके, हे खाली खंदकात बसलेल्या जवानाने कशावरून ठरवायचे?

ही अडचण नवी नव्हती. ब्रिटिश पद्धतीच्या निळ्या-पांढऱ्या वर्तुळाच्या मध्यभागी तांबडा ठिपका असे आणि जपानी विमानांवर तर तांबडा सूर्यच होता. धावपळीत तांबडे दिसले की गोळी सुटायची. म्हणून १९४२मध्ये पूर्वेच्या आघाडीवर तांबडा रंग पुसून टाकण्यात आला. पुढे गडद निळ्या वर्तुळात फिकट निळा ठिपका, असे चिन्ह रूढ झाले. ब्रह्मदेशात लढलेल्या भारतीय स्क्वाड्रनच्या हरिकेन आणि स्पिटफायर विमानांवर हेच चिन्ह होते. युरोपातील आघाडीची छायाचित्रे पाहून डोळे सरावलेल्या माणसाला ही विमाने प्रथम ओळखूच येत नाहीत. युद्ध संपले, जपानचे भय गेले आणि तांबडा ठिपका परत आला.

तो फार टिकला नाही. स्वातंत्र्यानंतर विमानांवर पांढऱ्या वर्तुळात निळे अशोकचक्र आले. शेपटीवर केशरी, पांढरा, हिरवा असे पट्टे आले. दलाच्या नावात मात्र ‘रॉयल’ अजून कायम होते. हे चक्र दोन-तीन वर्षेच राहिले. १९५०च्या सुमारास, म्हणजे प्रजासत्ताकाबरोबर ‘रॉयल’ गळून पडले त्याच सुमारास, बाहेर केशरी, मध्ये पांढरे, आत हिरवे असे आजचे वर्तुळ रूढ झाले. काश्मीरची पहिली लढाई मात्र चक्राच्या काळात लढली गेली. नोव्हेंबर १९४७मध्ये श्रीनगरच्या वेशीवर शालटेंग येथे टोळीवाल्यांचा मोड झाला, त्यात चिलखती गाड्यांना विमानांची साथ होती. या मोहिमेतील कामगिरीबद्दल मुंबईत जन्मलेल्या हृषीकेश मुळगावकरांना महावीर चक्र मिळाले. तेच पुढे १९७६ ते १९७८ या काळात हवाईदल प्रमुख होते.

परदेशी कंपन्यांच्या खोक्यांत भारतीय चिन्हे मिळालीच तर ती ‘इतर देशांची’ म्हणून कोपऱ्यात दिलेली असतात. जगाच्या दृष्टीने हे चक्र म्हणजे एक अपरिचित परदेशी चिन्ह. याचे मला पूर्वी हसू यायचे. मग मी स्वतःच चूक केली. पहिल्या टेम्पेस्टवर मी हौसेने आजचे केशरी-पांढरे-हिरवे वर्तुळ चिकटविले आणि खाली लिहिले, ‘काश्मीर, १९४७’. ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले एक शेजारी चहाला आले होते. त्यांनी चष्मा वर करून ते निरखले आणि एवढेच विचारले, “हे केव्हाचे म्हणालात?” ओझर येथून चाळीसेक किलोमीटरवर. १९६४पासून तेथे मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. मिग-२१ सप्टेंबर २०२५मध्ये निवृत्त झाले, पण त्या विमानांत आयुष्य घालविलेल्यांची नजर निवृत्त झालेली नाही. त्या रात्री मी चिन्हे खरवडून काढली.

चक्र बनविणे हे मात्र चिकटविण्याहून कितीतरी अवघड. मूळ चक्र तीन फूट व्यासाचे धरले तर ते ७२ पट लहान केल्यावर जेमतेम पावणेतेरा मिलिमीटर भरते. परीघ चार सेंटीमीटर आणि आरे चोवीस. म्हणजे कडेलासुद्धा दोन आऱ्यांत दीड-पावणेदोन मिलिमीटर अंतर, आणि मध्याकडे तर सुईच्या टोकाएवढे. हाताने रंगविण्याचे तीन प्रयत्न केले. तिसऱ्यात आरे बावीसच भरले. शेवटी चक्र संगणकावर आखून डिकलच्या पारदर्शक कागदावर लेझर प्रिंटरने छापून घेतले. साधा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, म्हणून आधी पंखावर चिकटपट्टीत गोल कापून पांढरे वर्तुळ रंगवायचे आणि त्यावर पाण्यात भिजवून सोडविलेले निळे चक्र सरकवायचे. त्याआधी पृष्ठभागाला चकचकीत व्हार्निश हवेच. खडबडीत रंगावर डिकल ठेवले तर खाली हवा अडकते आणि वाळल्यावर ती चांदीसारखी चकाकते. सगळी मेहनत वाया. पावसाळ्यात तर चांदवडच्या डोंगरांवर ढग उतरले की एकेक थर वाळायला दोन-दोन दिवस लागतात.

निळा नेमका कोणता, यावर अजून अडलो आहे. त्या काळची बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल. त्यांत निळा, तांबडा, हिरवा सारेच राखाडी. मी ध्वजाचा गडद निळा घेतला आहे. एका पंखावरचे चक्र बसले, दुसऱ्यावरचे उद्या बसवीन. आरे मात्र मोजले आहेत. चोवीस.