पुन्हा पहिले पाऊल

रायगड जिल्ह्यातील माथेरान हे पायी चालणाऱ्यांचे गाव होय. मोटारगाड्या दस्तुरी नाक्यापाशीच थांबतात. रुग्णवाहिकेसारखे मोजके अपवाद आणि अलीकडे आलेल्या ई-रिक्षा सोडल्या, तर तांबड्या मातीची पुढची वाट बहुतेक लोक पायीच चालतात. मुले तर तो चढ धावत चढून जातात. त्या वेळी एकेका पावलामागे केवढी व्यवस्था राबत असते, ह्याचा विचारही त्यांच्या मनात येत नाही.

पाय उचलण्याची आज्ञा मेंदूकडून निघते, मज्जारज्जूतून खाली उतरते आणि मज्जातंतूंच्या वाटेने स्नायूंपर्यंत पोहोचते. विजेच्या तारेवर जसे रबराचे वेष्टन असते, तसे अनेक मज्जातंतूंवर ‘मायेलिन’ नावाचे स्निग्ध वेष्टन असते. त्यामुळे आज्ञा वेगाने धावते. हे वेष्टन बिघडले, की आज्ञा मंदावते किंवा मध्येच अडते. मग स्नायू धड असूनही पाऊल उचलत नाही.

असा बिघाड काही वेळा अचानक घडून येतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१६ साली, गियाँ, बारे आणि स्ट्रोल ह्या तीन फ्रेंच डॉक्टरांनी अशा दोन सैनिकांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांचे हातपाय दुर्बळ झाले होते. परंतु पुढे दोघेही सुधारले. पहिल्या दोन डॉक्टरांच्या नावांवरून ह्या व्याधीला ‘गियाँ-बारे’ हे नाव मिळाले. वर्तमानपत्रांत ती ‘जीबीएस’ ह्या आद्याक्षरांनी ओळखली जाते. एक लाख लोकांमागे वर्षाला एकदोघांनाच ती होते.

२०२५ च्या जानेवारीत मात्र पुणे शहर व परिसरात ह्या व्याधीचे अनेक रुग्ण आढळले. पुढे त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी ह्या भागांत रुग्ण अधिक होते. काही रुग्णांच्या तपासणीत ‘कॅम्पिलोबॅक्टर’ नावाचे जंतू सापडले. हे जंतू दूषित पाण्यातून किंवा कच्च्या राहिलेल्या मांसातून पोटात जातात व जुलाब होतात. शरीराची संरक्षक शक्ती त्यांच्याशी लढते. परंतु ह्या जंतूंची बाह्य घडण मज्जातंतूंच्या घडणीशी काहीशी मिळतीजुळती असते. त्यामुळे क्वचित गल्लत होते आणि जंतूंवर उगारलेले शस्त्र आपल्याच मज्जातंतूंवर चालते.

प्रथम पायांना मुंग्या येतात, मग जिना चढवत नाही. दुर्बलता पायांकडून हातांकडे सरकते आणि दोन ते चार आठवड्यांत कळसाला पोहोचते. काहींचे श्वासाचे स्नायूही थकतात. त्यांना यंत्राच्या साहाय्याने श्वास द्यावा लागतो. ह्या व्याधीत काही रुग्ण दगावतातही. म्हणून अशी लक्षणे दिसताच रुग्णालय गाठणे अत्यावश्यक ठरते. तेथे प्रतिद्रव्यांची औषधे शिरेवाटे देतात किंवा रक्तातील द्रव बदलतात. अशा अवस्थेत रुग्णाला हालचाल करता आली नाही, तरी त्याचे मन बहुधा जागे असते. खाटेभोवती बोललेला प्रत्येक शब्द त्याला ऐकू येतो.

हल्ला थांबला, की दुरुस्ती सुरू होते. वेष्टन पुन्हा तयार होण्यास काही आठवडे वा महिने लागतात. मज्जातंतूच तुटला असेल, तर तो दिवसाला सुमारे १ मिलिमीटर एवढाच वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर ध्यानी घेतले, म्हणजे ह्या कामाला किती धीर हवा ते उमगते.

तोवर स्नायू व सांधे आखडू नयेत म्हणून व्यायामोपचार करणारे तज्ज्ञ रुग्णाचे हातपाय हळुवार हलवतात. मग कूस बदलणे, आधाराने बसणे, दोन दांड्यांच्या मध्ये उभे राहणे, वॉकर घेऊन चार पावले टाकणे, असा क्रम चालतो. नित्य थोडे श्रम आणि पुरेशी विश्रांती हा येथील नियम आहे. घाईने अतिश्रम केले, तर थकवा वाढतो.

नेरळहून माथेरानला जाणारी छोटी आगगाडी १९०७ साली सुरू झाली. डोंगराचा सरळ चढ तिला झेपत नाही. म्हणून तिचे रूळ सुमारे २१ किलोमीटरची नागमोडी वाट घेतात. एखाद्या वळणावर गाडी मागे फिरल्यासारखी वाटते. तरीही ती थोडी वरच गेलेली असते. ह्या रुग्णांची प्रगतीही अशीच असते. कालच्यापेक्षा आज दोन पावले कमी पडली, म्हणून सारे व्यर्थ गेले असे नव्हे. दहापैकी सुमारे आठ रुग्ण सहा महिन्यांत आधाराविना चालू लागतात. काहींना त्याहून अधिक काळ लागतो, तर काहींच्या अंगी थोडी दुर्बलता कायम राहते.

ही व्याधी एकाकडून दुसऱ्याकडे पसरत नाही. म्हणून आजारातून उठलेला सोबती काठी टेकत शाळेत आला, तर त्याच्यापासून दूर सरण्याचे कारण नाही. त्याचे दप्तर घ्यावे आणि त्याच्या चालीने चालावे. पाणी उकळून पिणे आणि जेवणापूर्वी हात धुणे हे ज्याच्या त्याच्या हाती आहे. आणि मंद पावलांना सोबत देणे हेही.