गाडीतळावर ऊस किती वेळ उभा?



देऊळगाव राजाला बालाजीची यात्रा उरकली, की शेतकी खात्यात एकच विचारणा सुरू होते, "साहेब, आमची तोड कधी?" विचारणा रास्तच आहे. पण तोड लवकर मिळून गाडी तळावर अडकली, तर फायदा कुणाचा? तोडलेला ऊस वाळतो, काट्यावर वजन कमी भरते. तो तोटा त्या सभासदाचा. आतली साखर मोडते, उतारा घसरतो. तो तोटा सगळ्यांचा.

याचा हिशेब साधा आहे. रांगेतला ऊस भागिले ताशी गाळप, म्हणजे थांबण्याचा वेळ. १९६१ साली अमेरिकेतील जॉन लिटल यांनी रांगेचा हा नियम गणिताने सिद्ध केला. रोज १२५० टन गाळणाऱ्या कारखान्याची गव्हाण ताशी सुमारे ५२ टन ऊस घेते. समजा, तळावर दोन-दोन टनांच्या दीडशे टायरगाड्या आहेत. शेवटच्या गाडीला पावणेसहा तास लागणारच. काटेवाल्याशी भांडून त्यातले एक मिनिटही कमी होत नाही!

मागे एकदा आग्रहाला बळी पडून आम्ही खडकपूर्णेच्या काठी एकाच शिवारात चार टोळ्या उतरवल्या. बैल रात्रभर थंडीत उभे राहिले. तेव्हापासून पाळी लागणीच्या तारखेवर आणि ब्रिक्सवर लावतो, आणि तळावर किती टन उभे आहेत ते पाहूनच तोडीच्या चिठ्ठ्या सोडतो.

तेवढी नोंदीत लागणीची तारीख खरी द्या. महिनाभर मागची लिहिलीत, तर तुमचाच कच्चा ऊस तुटेल.