तुंबलेले आतडे, अडलेली लघवी

गुदाशय आणि मूत्राशय हे दोन अवयव ओटीपोटात शेजारीशेजारी असतात. दोघांवर ताबा ठेवणाऱ्या नसाही मज्जारज्जूच्या खालच्या टोकाच्या एकाच भागातून निघतात. म्हणून दिवसेंदिवस साचलेल्या मलाने गुदाशय फुगला, की मूत्राशयाचे काम बिघडते. त्यात पुरेशी लघवी मावत नाही, वारंवार कळ येते, अचानक घाई होते आणि कपडेही ओले होतात. मूत्रमार्गावर दाब आला तर लघवी पूर्ण होत नाही. मागे उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. यांतला ई. कोलाय हा नेहमीचा जंतू मुळात आतड्यातलाच असतो.

मुलांमध्ये हा संबंध फार स्पष्ट दिसतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या वेरा लोनिंग-बाउके यांनी 1997 मध्ये जुनाट बद्धकोष्ठतेच्या 234 मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील 29 टक्के मुलांना दिवसा, तर 34 टक्के मुलांना रात्री नकळत लघवी होई. 11 टक्क्यांना मूत्रमार्गाचा संसर्ग झालेला होता. ज्यांचे पोट नियमित साफ होऊ लागले, त्यांपैकी बहुतेकांची दिवसाची तक्रार थांबली. मूत्रमार्गाची रचना निर्दोष असलेल्या मुलांत संसर्गही पुन्हा झाला नाही.

मूत्रपिंडाला धोका दोन वाटांनी पोचतो. संसर्ग मूत्रवाहिनीतून वर चढला तर थंडी वाजून ताप येतो आणि कमरेच्या वर, पाठीत दुखते. दुसरी वाट क्वचितची, पण गंभीर. वृद्ध किंवा अंथरुणाला खिळलेल्या रुग्णात दगडासारखा घट्ट मल अडकला, की लघवी तुंबते, तिचा दाब उलटा वर जातो, मूत्रपिंडे सुजतात आणि रक्तातील क्रिएटिनिन वाढते. अडथळा वेळेत निघाला तर मूत्रपिंडे बहुधा सावरतात.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. घामावाटे पाणी गेल्यावर मोठे आतडे मलातले पाणी अधिक शोषते, मल कडक होतो आणि लघवीही कमी व गडद होते. अशा दिवसांत लघवीला जळजळ झाली, की उन्हाळी लागली असे म्हणून धने-जिऱ्याच्या पाण्यावर निभावले जाते. शौचाची चौकशी होत नाही.

निदान फार अवघड नसते. पोटाची तपासणी, लघवीची तपासणी व कल्चर, आणि लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरली हे पाहणारी सोनोग्राफी यांतून बरेच कळते. नागपुरात मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स या रुग्णालयांत या तपासण्या होतात.

पाणी, तंतुमय आहार आणि ठरलेल्या वेळी शौचास बसणे हा उपचाराचा पाया आहे. अडकलेला मल मात्र आधी डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मॅग्नेशियमयुक्त रेचके व फॉस्फेटचा एनिमा स्वतःच्या मनाने घेऊ नये. लघवी बंद होणे, तापासोबत पाठीत दुखणे किंवा पोट फुगून उलट्या होणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.