दिवसांतली कंबरदुखी आणि पाठ बसवणारे हात

घरात कुणाला दिवस गेले की सल्ल्यांना तोटा नसतो. हे खा, ते खाऊ नको, उंबऱ्यावर बसू नको! पण पाचव्या-सहाव्या महिन्यात कंबर धरली, की सगळ्यांचं उत्तर एकच, ‘एवढं व्हायचंच.’ मैत्रिणींनो, जवळजवळ निम्म्या गर्भवतींना हा त्रास होतो हे खरं, पण म्हणून तो मुकाट्याने सोसायला हवा असं थोडंच आहे?

या दुखण्याच्या संदर्भात हल्ली ‘कायरोप्रॅक्टिक’ हा शब्द कानावर येतो. आमच्या शाळेतल्या एका बाईंची लेक अमेरिकेत असते. सातव्या महिन्यात तिने फोनवर सांगितलं, ‘आई, मी पाठ बसवून घ्यायला जाते.’ बाईंच्या डोळ्यांपुढे गावाकडचा हाडवैद्य उभा राहिला! रात्रभर त्यांना झोप नाही. परदेशी लेकीसुना असलेल्या घरोघरी आता हा प्रश्न येणार, म्हणून हे चार शब्द.

ही उपचारपद्धती डॅनियल डेव्हिड पामर या गृहस्थांनी १८९५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट इथे सुरू केली. नाव ग्रीक शब्दांवरून पडलं, अर्थ ‘हाताने केलेलं काम’. मणक्यांच्या सांध्यांवर हाताने दाब किंवा नेमका झटका द्यायचा, ही तिची रीत. अमेरिकेत त्यासाठी वेगळं शिक्षण आणि सरकारी परवाना लागतो. मात्र ही मंडळी बाळंतपण करणारे डॉक्टर नसतात. गर्भवतीला ते कुशीवर झोपवतात किंवा पोटाला जागा सोडलेल्या खास उशा वापरतात, आणि हातही हलका ठेवतात.

याने गुण येतो का? काहीजणींना बरं वाटतं. पण गरोदरपणात याचा नक्की किती उपयोग होतो, याचा पुरावा अजून तुटपुंजा आहे. ‘कॉक्रेन’ या संस्थेने २०१५ साली गरोदरपणातल्या कंबरदुखीवरचे ३४ अभ्यास एकत्र तपासले. त्यात पाच हजारांवर स्त्रिया होत्या. साध्या व्यायामाने दुखणं कमी होत असावं असं त्यातून दिसलं. म्हणजे पहिला उपाय घरातच आहे!

कंबर दुखते का, तेही समजून घ्या. शरीरात या दिवसांत ‘रिलॅक्सिन’ नावाचं संप्रेरक तयार होतं, सांध्यांचे बंध सैलावतात. त्यात पोटाचं वजन पुढे ओढतं, म्हणून आपण मागे झुकून उभं राहतो आणि कंबरेवर ताण येतो.

तेव्हा एवढं करा. ओट्यापाशी फार वेळ उभं राहायचं असेल तर एक पाय छोट्या पाटावर ठेवा, मधूनमधून बदला. खालची वस्तू उचलताना गुडघ्यात वाका, आणि भरलेली बादली दुसऱ्यांना उचलू द्या. घरातल्या पुरुषांना हात आहेतच! झोपताना कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. उंच टाचांच्या चपला माळ्यावर टाका. डॉक्टरांनी मना केलं नसेल तर रोज थोडं चाला. दुखण्यावरची गोळी मात्र त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आता मूल पायाळू असेल तर? लॅरी वेब्स्टर या अमेरिकन कायरोप्रॅक्टरच्या नावाची एक रीत आहे. तिने मूल फिरतं अशी ख्याती असली, तरी भक्कम पुरावा नाही. आपल्याकडे पोट चोळून मूल ‘सरळ’ करणाऱ्या बायका असतात. त्यांच्या हाती पोट कधीही देऊ नका. वार सुटली तर आई आणि मूल दोघांच्या जिवावर बेतेल. मूल बाहेरून फिरवता येतं, पण ते काम प्रसूतितज्ज्ञांचं. साधारण ३६ आठवड्यांनंतर, सोनोग्राफी करून, बाळाचे ठोके बघत आणि सिझेरियनची सोय असलेल्या इस्पितळातच ते करायचं.

सगळ्यांत महत्त्वाचं, प्रत्येक कंबरदुखी साधी नसते. आमच्या शेजारच्या एका सुनेची कंबर चार दिवस तेलाने चोळली. पाचव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, तेव्हा कळलं की लघवीतला संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला होता. वेळेवर औषध मिळालं म्हणून निभावलं. दुखण्याबरोबर ताप, लघवीला जळजळ, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, थांबून थांबून येणाऱ्या कळा, पायांत बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा जाणं, यांतलं काहीही असलं तर चोळणं-शेकणं सोडा आणि तडक दवाखाना गाठा.

आणि पाठ कुणाच्या हाती द्यायचीच झाली, तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मग त्या माणसाला बेधडक विचारा, ‘शिक्षण कुठे झालं? परवाना आहे का? गर्भवतींवर उपचार केलेत का?’ मानेला झटका देऊ देऊ नका. ‘बाळंतपण सोपं होईल’ अशी हमी देणाऱ्याला दुरूनच नमस्कार करा. आपल्याकडे शिकलेल्या फिजिओथेरपिस्ट बाई मिळत असतील तर त्यांच्याकडून व्यायाम शिकून घेणं उत्तम.

त्या बाईंनी लेकीला हेच प्रश्न फोनवर लिहून घ्यायला लावले. लेक म्हणाली, ‘आई, हे मी विचारलंच नव्हतं.’ तुमच्याही घरी कुणाला दिवस असतील, तर हा कागद कापून ठेवा. आणि ‘एवढं व्हायचंच’ म्हणण्याआधी तिला एकदा विचारा, ‘नक्की कुठे दुखतंय गं?’