पनवेलच्या दक्षिणेस : कर्नाळा, सांक्षी व वरसई

मुंबईहून पुण्यास अगर गोमंतकाकडे जाणाऱ्या बहुतेकांस पनवेल ठाऊक आहे, पण तें वाटेवरचें ठाणें म्हणून. ही गोष्ट आजची नव्हे. लोहमार्ग होण्यापूर्वीं मुंबईचा उतारू पनवेलच्या बंदरीं होडींतून उतरे आणि तेथून पालखी, घोडें किंवा गाडी करून बोरघाटाची वाट धरी. १८३० सालीं घाटांतून गाडीरस्ता खुला झाल्यावर ही वर्दळ आणखी वाढली. १८५२ त येथें नगरपालिका स्थापन झाली, ती या वर्दळीच्याच दिवसांत. पुढें १८६३ त आगगाडी बोरघाट चढून गेली ती पनवेलास टाळून, कल्याण-कर्जतच्या अंगानें; त्यामुळें तिच्या प्रवाशांस पनवेल पाहण्याचें कारणच उरलें नाहीं. अलीकडे उलटा प्रकार झाला आहे. द्रुतगति मार्ग, लोकल गाड्या, २०१६ पासून महानगरपालिका व ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं उद्घाटन झालेला विमानतळ यांमुळें पनवेल हें मुंबईचेंच एक अंग होऊन बसलें आहे. पूर्वीं लोक येथून घाईनें निघून जात, आतां येथेंच दाटीनें राहतात. शेजारचा मुलूख मात्र दोन्ही काळीं न पाहिलेलाच राहिला.

त्या मुलखांतील तीन स्थळांविषयीं येथें लिहावयाचें आहे. पनवेलहून गोव्याच्या रस्त्यानें दक्षिणेस निघालें म्हणजे दहा-बारा किलोमीटरांवर कर्नाळा लागतो. सांक्षी व वरसई हीं दोन पेण तालुक्यांत, बाळगंगा नदीच्या खोऱ्याकडे आहेत. एका दिवसांत तिन्ही उरकण्याचा हव्यास धरूं नये. हीं निवडण्याचें कारण रम्य देखावे हें नव्हे, जरी देखावे आहेत. पुस्तकांत वाचलेली गोष्ट जागेवर जाऊन ताडून पाहिल्यानें तिच्याविषयींचे प्रश्न बदलतात, असा प्रत्यय या तीन ठिकाणीं विशेष येतो. आणि तिसऱ्या ठिकाणास तर मुदत पडलेली आहे.

प्रबळगड या यादींत कां नाहीं, असें कोणी विचारील. प्रबळचा इतिहास लहान नाहीं. निजामशाहीच्या अखेरच्या धामधुमींत, १६३६ त, शहाजीराजे ज्या मुरंजनाच्या आश्रयास गेले तो हाच, असें सामान्यतः मानितात. व राजमाचीच्या मनरंजनाशीं या नांवाची गल्लत होण्यास फारसी लेखनांत पुरेशी जागा आहे, हें याद्या वाचणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें. परंतु शेजारच्या कलावंतिणीच्या सुळक्याचीं छायाचित्रें सर्वत्र पसरल्यापासून सुटीच्या दिवशीं त्या पायऱ्यांवर जी रांग लागते, तींत उभें राहून कांहीं टिपणें घेणें अशक्य आहे. तेव्हां प्रबळ येथें सोडून देतों. एक इशारा मात्र त्या बाजूचा सर्वत्र लागू आहे. प्रबळच्या शेजारील इर्शाळगडाखालची वाडी १९ जुलै २०२३ च्या रात्रीं दरडीखालीं गाडली गेली व बहुत माणसें प्राणांस मुकलीं. पावसाळ्यांत या डोंगरांत शोधकार्यास जाण्याचें धाडस कोणी करूं नये.

आतां कर्नाळा. रस्त्यावरून दिसणारा त्याचा अंगठ्यासारखा सुळका हजारों प्रवासी रोज पाहतात, परंतु गाडी थांबवून वर जाणारे त्यांतील थोडे. आणि जे जातात ते प्रायः पक्षी पाहण्यासाठीं, कारण १९६८ पासून किल्ल्याभोंवतालचें रान पक्षी-अभयारण्य आहे. समुद्रसपाटीपासून किल्ला सुमारें ४४० मीटर उंच. त्याची रचना दुहेरी आहे : एका तटाच्या आंत दुसरा तट, आणि मध्यभागीं तो सुमारें सव्वाशें फूट उंचीचा काळ्या पाषाणाचा खांब. त्यास पांडूचा बुरूज असेंहि नांव होतें. खांबाच्या बुडाशीं पाण्याचीं टाकीं कोरलेलीं आहेत, आणि त्यावर आग्या मोहळें असतात. म्हणून तेथें धूर व आरडाओरड वर्ज्य करावी.

ज्यांस कर्नाळ्याचें जुनें छापील वर्णन पाहावयाचें असेल त्यांनीं तें ठाणें जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरांत शोधावें. पनवेल तालुका त्यानंतर कुलाबा जिल्ह्यास जोडला गेला, व तो जिल्हा १९८१ पासून रायगड म्हणविला जातो. त्यामुळें कुलाब्याचा खंड चाळून रिकाम्या हातानें उठणारे पुष्कळ.

किल्ल्यावर दोन लेखांची नोंद आहे. एक मराठी, खालच्या दरवाजाच्या आंतल्या अंगास, त्यावर काल नाहीं. दुसरा फारसी, वरच्या दरवाजाच्या खांबावर. त्यांत सय्यद नुरुद्दीन महंमद खान हें नांव व हिजरी ११४६ हें वर्ष वाचलेलें आहे. छापील वर्णनांत या वर्षापुढें इसवी सन १७३५ असा आंकडा दिलेला असतो आणि एकाचें पाहून दुसरा तोच उतरवून घेतो. परंतु हें समीकरण चुकीचें आहे. हिजरी ११४६ हें वर्ष १७३३ च्या जूनांत सुरू होऊन १७३४ च्या जूनारंभीं संपतें, म्हणजे शके १६५५ पासून १६५६ च्या आरंभापर्यंत. इसवी १७३५ हवें असल्यास हिजरी ११४७ चे अखेरचे महिने किंवा ११४८ चे आरंभीचे धरावे लागतील. ११४६ हा आंकडा शुहूर सनाचा मानला तर १७४५-४६ येतें. त्या वेळीं किल्ला पेशव्यांकडे येऊन पांच वर्षें झालीं होतीं, तेव्हां तेंहि जुळत नाहीं. दक्षिणी फसली मानला तर १७३६-३७. सारांश, ११४६ हें वाचन खरें असेल तर १७३५ कोणत्याच हिशेबानें निघत नाहीं. आणि १७३५ खरें असेल तर दगडावरचा शेवटचा आंकडा वाचण्यांत चूक आहे. फारसी सात व आठ हे आंकडे एकमेकांचे उलटे असतात व झिजलेल्या दगडावर सहाचें वाचनहि घसरूं शकतें, हें अशा लेखांशीं गांठ पडलेल्यांस सांगावयास नको.

हा भेद एक-दोन वर्षांचा, पण क्षुल्लक नव्हे. १७३३ हें जंजिऱ्याच्या सिद्दीवरील मराठ्यांच्या मोहिमेचें वर्ष. त्याच वर्षीं रायगड पुन्हां मराठ्यांकडे आला. कर्नाळा १६७० च्या जूनांत शिवाजीमहाराजांच्या लोकांनीं घेतला (फळ्या व माती यांचे आडोसे पुढें ढकलीत ते तटापर्यंत गेले, असें तत्कालीन इंग्रजी पत्रांवरून सांगतात). महाराजांच्या पश्चात् तो मोंगलांकडे गेला व १७४० त पेशव्यांच्या हातीं आला. म्हणजे दक्षिणेस रायगड परत मिळत असतां उत्तरेस पनवेलच्या नाक्यावर एक मोंगली नांव दगडावर कोरलें जात होतें, कीं तें मोहीम थंडावल्यावर कोरलें गेलें, हा प्रश्न त्या एका आंकड्यावर अवलंबून आहे. आमच्या मतें हिजरी वर्ष मूळचें व इसवी वर्ष मागाहून लावलेलें असल्यानें पहिल्यावर अधिक भार ठेवावा. परंतु मत म्हणजे पुरावा नव्हे. त्यास कागदावरचा ठसाच हवा.

तो घेऊं पाहणाऱ्यास दोन शब्द. अगोदर संबंधित खात्यांची लेखी परवानगी मिळवावी. अक्षरांत खडू, चुना, शेंदूर अथवा तेल भरूं नये. अशा उपकारांनीं बुजलेले लेख महाराष्ट्रांत थोडेथोडके नाहींत. सकाळचा किंवा उतरत्या दुपारचा तिरपा उजेड धरून प्रथम छायाचित्र घ्यावें, मग ओला कागद दगडावर थोपटून बसवावा व तो किंचित् वाळल्यावर शाईचें बोंडकें हलक्या हातानें फिरवावें.

कर्नाळ्याच्या अलीकडेच रस्त्यालगत शिरढोण लागतें. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं याच गांवीं झाला व त्यांचे आजोबा अनंतराव हे १८१८ त, कर्नल प्रॉथरनें कर्नाळा घेतला त्या वेळीं, किल्ल्याचे अधिकारी होते असें सांगतात. फडक्यांचा देहान्त १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं एडनच्या कैदेंत झाला. किल्ला उतरल्यावर शिरढोणास जाणें बरें. वर सुटलेल्या किल्ल्याची गोष्ट या घरांत पुढल्या पिढ्यांनीं कशी ऐकली असेल, हें उगीच मनांत येतें.

सांक्षी पेणच्या ईशान्येस आहे. गड लहान, नांव थोड्यांस माहीत. पायथ्याशीं दर्गा असल्यानें बद्रुद्दीनचा किल्ला असेंहि त्यास म्हणतात. वर जगमातेचें स्थान व खडकांत खोदलेलीं टाकीं मोठ्या संख्येनें आहेत. त्याचें महत्त्व कर्नाळ्याच्या जोडीनें कळतें. गुजराथच्या सुलतानाची सत्ता ढिली पडतांच १५४० त अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहानें हे दोन्ही किल्ले घेतले. गुजराथच्या बाजूनें वसईच्या पोर्तुगीज कप्तानाकडे, फ्रांसिस्कु द मेनेझेसकडे, मदत मागण्यांत आली. पोर्तुगीजांनीं किल्ले सोडविले आणि स्वतःकडेच ठेवले. थोड्याच दिवसांत त्यांना खर्चाचा हिशेब कळला व दरसाल पांच हजार सोन्याचे पर्दाव कबूल करून घेऊन त्यांनीं ते निजामशहास देऊन टाकिले. किल्ला राखण्यापेक्षां विकणें परवडलें.

स्थानिक दंतकथा अशी कीं, सांक राजा येथें राज्य करी, त्यास कर्नाळ्याच्या किल्लेदारानें मारिलें, आणि त्याची कन्या जगमाता हिनें कड्यावरून देह टाकिला. इतिहास म्हणून हिला किंमत देतां येत नाहीं. तथापि परकी इतिहासकार ज्या दोन किल्ल्यांची जोडी लावितात, तीच जोडी लोकांच्या तोंडींहि वैराच्या रूपानें राहिली आहे, ही गोष्ट टिपून ठेवण्याजोगी वाटते.

वरसई हें बाळगंगेच्या खोऱ्यांतील गांव. येथें तट नाहीं, सुळका नाहीं. प्रवाशास दाखवावें असें फारसें कांहीं नाहीं. परंतु हस्तलिखितांच्या संग्राहकानें आधीं येथेंच यावें, असें आमचें मत आहे. विष्णुभट गोडसे या गांवचे. जन्म १८२७. घरावर कर्ज झालें म्हणून द्रव्यार्जनासाठीं हे भिक्षुक आपल्या चुलत्यासह उत्तरेकडे निघाले, बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञांत दक्षिणा मिळेल या आशेनें. आणि १८५७ च्या बंडांत सांपडले. झांशीचा वेढा त्यांनीं शहरांत राहून पाहिला. मिळविलें तें वाटेंत लुटलें गेलें. घरीं परतल्यावर कित्येक वर्षांनीं, यजमान चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहानें, त्यांनीं सर्व हकीकत लिहून काढिली.

या लेखनाचें पुढें जें झालें तें प्रत्येक संग्राहकानें लक्षांत ठेवावें. सरकारच्या भीतीनें वैद्यांनीं तें बरींच वर्षें दाबून ठेविलें, व १९०७ त छापिलें तें भाषा बदलून व मजकूर गाळून. जवळजवळ साठ वर्षें महाराष्ट्रानें ‘माझा प्रवास’ म्हणून जें वाचलें तें भटजींचें अर्धें व संपादकाचें अर्धें होतें. मूळ मोडी हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळांत सुरक्षित राहिलें म्हणूनच दत्तो वामन पोतदार यांना १९६६ त मूळाबरहुकूम प्रत प्रसिद्ध करितां आली. वैद्यांस दोष देण्याचा हेतु नाहीं. त्यांच्यावांचून हें लेखन झालेंच नसतें. पण कागद टिकला नसता तर आज आपण वैद्यांचीच भाषा गोडसे भटजींची समजत असतों.

वरसईस आलें म्हणजे त्या पुस्तकाचा आरंभ निराळा वाचला जातो. झांशी-ग्वाल्हेरचीं पानें सर्वांच्या स्मरणांत असतात. कर्जाचा भाग लोक चाळून पुढें जातात. डोंगरांत कोंडलेल्या या खोऱ्यांत उभें राहिल्यावर मात्र भिक्षुकीवर चालणाऱ्या घरास थोडेंहि ऋण किती जड होतें, आणि यज्ञाच्या वार्तेवर भरंवसून शेंकडों कोसांची वाट कां धरावी लागली, याची कल्पना येते.

या गांवास मुदत पडली आहे ती अशी : नवी मुंबईच्या पाण्यासाठीं बाळगंगेवर जें धरण आंखलें गेलें, त्याच्या बुडीत क्षेत्रांत वरसई धरली गेली आहे. बांध बराच उभा राहून काम रखडलें. पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षें लोंबत पडला आणि गांवकऱ्यांची घरें ना सुटलीं ना राहिलीं अशा स्थितींत आहेत. गांव उठतें तेव्हां भांडीं, देव, दारांच्या चौकटी लोक बरोबर नेतात. माळ्यावरचें बाड नेण्याचें कोणास सुचत नाहीं. जेथून एक भटजी आपली हकीकत मोडींत लिहूं शकला, त्या गांवच्या व आसपासच्या घरांतून पोथ्या, याद्या, कर्जरोखे, वंशावळी यांची विचारपूस एकदां तरी घरोघर व्हावयास हवी, आणि ती पाणी चढण्यापूर्वीं.

ती कशी करावी याविषयीं एकच सांगतों. बाड फोडून आवडीचें पान उचलणारा संग्राहक वाळवीपेक्षां अधिक नाश करितो. वाळवी निदान पानांचा क्रम बदलीत नाहीं. कागद मालकाच्याच घरीं राहूं द्यावे, तेथेंच छायाचित्रें घ्यावीं, एक प्रत मालकास द्यावी, व कोणत्या घरीं, कोणत्या पेटींत, कशाशेजारीं काय मिळालें हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. मार्गशीर्ष ते माघ हे महिने त्यास सोईचे. उतरण्याची सोय पेण येथें होते, आणि सकाळीं लौकर निघाल्यास दिवस पुरतो.